देचानीचं 'यान' आणि आपले वीरगळ
काका, कोसोवोतल्या देचानी मठाच्या भित्तिचित्रात क्रुसाच्या दोन्ही बाजूंना परग्रहावरच्या यानात बसलेली माणसं आहेत म्हणता, जुन्या चित्रांत उडत्या तबकड्या दिसतात म्हणता, तर आधी आपल्या भागातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, बघून या की. वरच्या टोकाला शिवलिंग, बाजूला चंद्र-सूर्य. वीराची कीर्ती चंद्र-सूर्य असेतोवर टिको, एवढाच अर्थ. देचानीतही तेच दोघे आहेत, फक्त माणसाच्या रूपात. येशूच्या मृत्यूवेळी अंधार पडला असं बायबल सांगतं, आणि क्रुसाच्या वर सूर्य-चंद्र काढायची रीत तेव्हाच्या कितीतरी चित्रांत सापडते. मग यान एकट्या देचानीतच का उतरलं?

इटालियन चित्रकार क्रिवेल्लीच्या १४८६ च्या चित्राचं, देवदूत मरियेला येशूच्या जन्माची वार्ता देतो त्या प्रसंगाचं, तर आणखी सोपं. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या साइटवर ते मोठं करून बघा. 'तबकडी' म्हणजे ढगांचं कडं, त्यात देवदूत दाटीवाटीने बसलेत. तिथून निघालेला सोनेरी किरण भिंतीच्या भोकातून थेट मरियेच्या डोक्यावर येतो, वाटेत पवित्र आत्म्याचं कबुतर. व्हॉट्सॅपवरच्या फोटोत नेमके देवदूतच पुसट झालेले असतात, हीही गंमतच!

डच चित्रकार डी गेल्डरचं केंब्रिजमधलं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र मात्र खरंच फसवतं, मान्य; आकाशातल्या झगझगीत गोलातून खाली किरण येतात. पण त्या गोलातही कबुतरच आहे.

आणि शोधायचंच तर एवढं लांब कशाला? बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मान वर करा. १२०४ सालची बस्ती, छतातून खाली आलेलं दगडी कमळ. त्याचंही कुणीतरी यान करेलच.