वार चिकटलेली होती, सिझरनंतर गर्भपिशवी काढावी लागली. हॉस्पिटल कागद देत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. धागा धाकट्या बहिणीसाठी काढतोय. गाव, हॉस्पिटल, डॉक्टर यांची नावं मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका आणि तर्कही लढवू नका.

बहिणीचं हे दुसरं बाळंतपण, पहिलंही सिझरनेच झालं होतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) खाली आणि पुढच्या बाजूला आहे असं आलं. "वर सरकेल, जड उचलू नका," एवढंच सांगितलं गेलं. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतही वार पिशवीच्या तोंडावरच. मधे अंगावरून लाल गेलं, तेव्हा दाखल करून इंजेक्शनं दिली आणि घरी सोडलं. कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, मोठ्या ठिकाणी एकदा दाखवा, असं कुणी म्हटलं नाही.

सदतिसाव्या आठवड्यात तारीख ठरवून सिझर केलं. बाळ ठणठणीत. पण वार सुटेना. हाताने ओढून काढायला गेले आणि रक्त थांबेना, हे आम्हाला नंतर तिथल्याच एका मावशींकडून कळलं. रक्ताची एकही पिशवी आधी मागवून ठेवलेली नव्हती. दाजी रक्तपेढीकडे धावले, ते परत येईपर्यंत हिला अँब्युलन्समध्ये घालून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलेलं. तिथे गर्भपिशवी काढली. वार मूत्राशयापर्यंत गेली होती, तेही शिवावं लागलं. जीव वाचला, आता घरी आहे.

पहिल्या हॉस्पिटलात केसपेपर मागायला गेलो की "मॅडम नाहीत", "फाइल ऑडिटला गेलीय". डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘रक्तस्राव, पुढे पाठवले’ एवढं आहे.

हा निष्काळजीपणा धरतात की नशीब म्हणून सोडून द्यायचं? आणि कागद मिळवायचे कसे? चुलतभाऊ "जाऊन जाब विचारू" म्हणतायत. आत्तापर्यंत थोपवून धरलंय.

प्रतिसाद : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बहिणीचा जीव वाचला हे सगळ्यात मोठं. आता सरळ बोलते. वार रुतणं हा कुणाचा अपराध नाही. पहिल्या सिझरच्या व्रणावर गर्भाशयाचं आतलं अस्तर नीट तयार होत नाही, तिथे वार बसली की तिची मुळं थेट स्नायूत शिरतात, कधी मूत्राशयापर्यंत. वार खाली असलेल्या बायकांमध्ये हे दुसऱ्या सिझरच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के दिसलं, अशी २००६ सालची अमेरिकेतली मोठी पाहणी आहे. म्हणूनच ‘आधीचं सिझर, वार खाली आणि पुढे’ हे तीन शब्द एका कागदावर आले की आमच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. डॉपलर करून बघायचं. शंका आली तर रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि मूत्ररोगाचे सर्जन असतील तिथेच, साधारण ३४ ते ३६ आठवड्यांत सिझर ठरवायचं. बाळ काढल्यावर वार ओढायची नाही. ती तशीच ठेवून पिशवी काढायची, हाच बहुतेकदा सुरक्षित मार्ग.

डॉपलर करूनही कधीकधी निदान हुकतं, हेही खरं. त्यामुळे ‘ओळखलं नाही’ यावर भांडण कमकुवत होईल. ‘शंकाच घेतली नाही आणि रक्ताची तयारी न ठेवता हात घातला’ यावर बोला. पिशवी काढणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना यात ओढू नका, त्यांनी तिला वाचवलं.

प्रतिसाद : वकिलीतला आहे, म्हणून कागदांपुरतं लिहितो. तोंडी मागू नका. बहिणीच्या सहीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही दिली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्याच लागतात, आणि ३ वर्षं जपून ठेवाव्या लागतात. ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद, नर्सचा चार्ट, संमतीपत्र, सोनोग्राफीच्या फिल्म्स असं एकेक नाव लिहून मागा. नुसतं ‘केसपेपर’ म्हटलं की दोन पानं हातात देतात. दुसऱ्या हॉस्पिटलातूनही सगळं घ्या, काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट तर आधी. वार किती खोल रुतली होती ते त्यात लिहिलेलं असतं.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलंय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून २ वर्षांत तक्रार करायची, आणि ती तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार जाते, तिथे डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते, पैसे मिळत नाहीत. पोलिसांत घाई नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी गुन्ह्याला ढोबळ निष्काळजीपणा आणि स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं.

चुलतभावांना सांगा, हॉस्पिटलात काचा फुटल्या तर २०१० च्या राज्याच्या कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा लागेल, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग केस तुमची राहणार नाही, त्यांची होईल.

धागाकर्ता : दोघांचेही आभार. एकच राहिलं. सिझरच्या आधी दाजींची सही एका छापील फॉर्मवर घेतली होती, ‘कोणतीही गुंतागुंत झाल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही’ असा. त्यामुळे आम्ही बांधले गेलो का?

प्रतिसाद : नाही. अशा सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही. उलट त्या फॉर्मचीही प्रत मागा. वार खाली असल्याचा धोका, रक्त लागेल, पिशवी काढावी लागू शकते, यातलं काही समजावून लिहिलंय का बघा. आणि शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिचीच लागते, नवऱ्याची नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. फॉर्मवर बहिणीची सही आहे का?

धागाकर्ता : तिला विचारलं. तिला कुणी काहीच वाचून दाखवलं नव्हतं, सहीही घेतली नव्हती म्हणते. उद्या अर्ज टाइप करून पोस्टात टाकतो. मजकूर इथे चिकटवला तर कुणी नजर टाकेल का?