शब्दचर्चा : उभयचर विमान की आणखी काही?

चौकस_पुणे
मंडळी, एका पाटीवर घोडं अडलंय. आमच्या विमानांची मॉडेलं बनवणाऱ्या टोळक्याचं छोटं प्रदर्शन आहे. विषय : समुद्रात पडलेल्यांना शोधून उचलणारी विमानं. पाट्या मराठीतच हव्यात असा ठराव झाला आणि लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात आलं.

मॉडेलं तीन तऱ्हांची आहेत. एकाच्या खाली चाकांऐवजी दोन लांबट तरंगे. दुसऱ्याचं पोटच होडीचं. ते पाण्यावर बसतं, धावपट्टीवर उतरू शकत नाही. तिसऱ्याचं पोट होडीचं आणि शिवाय आत ओढून घेता येणारी चाकं. इंग्रजीत फ्लोटप्लेन, फ्लाइंग बोट आणि अँफिबियन, विषय संपला. मी तिसऱ्यासाठी 'उभयचर विमान' लिहिलं, तर आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "उभयचर म्हणजे बेडूक. खोडा ते." आणि दुसऱ्याला काय म्हणायचं ते कुणालाच सुचत नाहीये. सुचवा.

पेठेतला
माझी हरकत बेडकाला नाही, हिशेबाला आहे. उभय म्हणजे दोन. भूचर, जलचर, खेचर अशी त्रयी आपल्याकडे पूर्वापार आहे आणि हे यंत्र तिन्हीकडे फिरतं. मग ते उभयचर कसं? 'त्रिचर' म्हणा.

रेवदंडा_ते_कोथरूड
त्रिचर हे चूर्णाचं नाव वाटतंय, कोमट पाण्याबरोबर घ्यायचं. अहो, उडणं 'विमान' या शब्दात आलंच की. उरलं पाणी आणि जमीन, म्हणजे दोन. उभयचर बरोबर आहे. (आणि खेचर म्हटलं की मला फक्त नामदेवांचे गुरू विसोबा आठवतात.)

निवृत्त_नाविक
आम्ही नौदलात सरळ अँफिबियनच म्हणायचो, कुणाचं काही अडलं नाही. आपल्या नौदलाचं पहिलं विमानच मुळी या जातीचं होतं, शॉर्ट सीलँड. १९५३ साली फेब्रुवारीत कोचीला आलं. चौकस, तुमच्या प्रदर्शनात ते आहे की नाही? नसेल तर शब्द कुठलाही लिहा, प्रदर्शन अपुरंच.

दुसरं, कॅटलिना हे अमेरिकन गस्ती विमान कुठल्या पाटीखाली घालणार? मूळ कॅटलिना ही निव्वळ पाण्यावरची. तिला किनाऱ्यावर ओढायची झाली तर बाहेरून चाकं जोडावी लागत. पीबीवाय-५ए या अवतारापासून तिला स्वतःची चाकं आली. दुसऱ्या महायुद्धात मद्रासजवळच्या रेडहिल्स तलावावर ब्रिटिशांच्या कॅटलिना असत. नाव एकच, जाती दोन. आधी मॉडेलच्या पोटाशी चाकांची जागा बघा, मग शब्द शोधा.

चौकस_पुणे
काका, सीलँड आहे. कॅटलिना ५ए आहे, म्हणजे ती तिसऱ्या पाटीत. वॉलरसही तिथेच; स्पिटफायर हे लढाऊ विमान काढणाऱ्या मिचेलसाहेबांनीच काढलेलं, पण दिसायला अगदीच ध्यान. दोन मजली पंख, इंजिन मागे तोंड करून. इंग्लिश खाडीत पडलेल्या कित्येक वैमानिकांना यानेच उचललं. पण दुसऱ्या पाटीचं काय?

अनुवादवाली
फ्लाइंग बोटीला 'उडती नौका' ठीक नाही का?

पेठेतला
उडती नौका म्हणजे नौका उडतेय असं होतं. मुळात ते विमान आहे. 'वि' म्हणजे पक्षी, पक्ष्याच्या मानाचं ते विमान. मुख्य पद तेच हवं.

अनुवादवाली
ही व्युत्पत्ती शाळेत ऐकली होती, गोड आहे, पण ते 'वि' + 'मा' आहे, मापणे. म्हणून तर दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या शिखरालाही विमान म्हणतात. तंजावरचं विमान कुठे उडतं?

पेठेतला
ताई, तुकोबांना न्यायला तंजावरचं शिखर आलं नव्हतं.

द्रोणागिरी
माझा आवडता शब्द पुढे करतो : द्रोणविमान. संस्कृतात द्रोणी म्हणजे डोण, होडी. कानडीत आजही 'दोणी' म्हणजे होडी. जेवणातला द्रोणही त्याच घरातला. या विमानाचा सगळा जीव त्याच्या पोटात असतो. कधी खालून बघा, पोट सलग नसतं, मध्येच एक पायरी तोडलेली असते. ती नसेल तर वेग घेताना पाणी तळाला धरून ठेवतं, ओल्या ओट्यावर ताट चिकटतं तसं. पायरीपाशी पाणी तुटतं, मागचा तळ मोकळा होतो, तेव्हा कुठे विमान सुटतं. तरंग्यांनाही ही पायरी असते.

रेवदंडा_ते_कोथरूड
माहिती एक नंबर, शब्द शून्य. द्रोणविमान ऐकून लोक पंगत शोधतील. आमच्याकडे आगबोट होती, कुणी 'अग्निनौका' म्हणत बसलं नाही. तसं 'विमानबोट' म्हणा. तांडेलालाही कळेल आणि प्रदर्शनाला आलेल्या पोरालाही.

पेठेतला
बोट इंग्रजी आहे.

रेवदंडा_ते_कोथरूड
बोट मराठीच झालीय. तुम्ही टंकताय तेही आणि रेवसला जायची तीही.

अनुवादवाली
माझी अडचण वेगळीच आहे. अशाच एका मजकुरात मी 'विमानाचे जलावतरण' लिहिलं आणि संपादकांनी फोन करून विचारलं, "नवीन बांधलंय का?" जलावतरण जहाजाचं होतं, बांधून पहिल्यांदा पाण्यात सोडतात ते. मग रोज पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला काय म्हणायचं? मी शेवटी 'पाण्यावर उतरले' लिहिलं.

निवृत्त_नाविक
मग बिघडलं काय? उत्तम मराठी आहे.

पेठेतला
क्रियापद झालं, नाम कुठाय?

निवृत्त_नाविक
नाम घ्या पांडुरंगाचं.

द्रोणागिरी
'बचाव विमान' या शब्दाचाही विचार व्हावा. बचाव पक्ष कोर्टात असतो. बचाव विमान म्हणजे हल्ल्यापासून राखण करणारं, असाच अर्थ आधी येतो. तारू, तारणे, तारणहार ही आपली जुनी माळ आहे. 'तारणविमान' करा.

रेवदंडा_ते_कोथरूड
तारण ठेवलेलं विमान! हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून नेलेलं. कृपा करा.

जुनी_पेठ_नवा_फ्लॅट
आमची आजी पानशेतच्या पुराबद्दल (१२ जुलै १९६१) बोलायची तेव्हा बचाव, सुटका, तारण यातलं काही यायचं नाही. "माळ्यावरून काढलं आम्हाला" एवढंच म्हणायची. 'काढणं' हा खरा शब्द आहे. बुडणाऱ्याला काढतात.

अनुवादवाली
सुंदर. पण पाटीवर 'काढविमान' लिहिणार?

निवृत्त_नाविक
बोटीला नाकं मुरडणाऱ्यांसाठी सांगतो. १९४५ च्या जुलैअखेर अमेरिकेची इंडियानापोलिस ही क्रूझर बुडाली. माणसं चार दिवस पाण्यात, शार्क फिरतायत. २ ऑगस्टला लेफ्टनंट मार्क्सने, खवळलेल्या समुद्रात उतरू नये असा नियम असताना, कॅटलिना खाली घातली आणि ५६ जणांना उचललं. आत जागा संपली तेव्हा पॅराशूटच्या दोऱ्यांनी माणसं पंखांवर बांधली. विमान इतकं खिळखिळं झालं की उडणं शक्यच नव्हतं. ते रात्रभर तसंच तरंगत राहिलं, विनाशिका येईपर्यंत. त्या रात्री ते विमान नव्हतं, बोट होती. मुख्य पद कुठलं ते आता तुम्ही ठरवा.

पेठेतला
प्रसंग थोर आहे. व्याकरण त्याने बदलत नाही.

चौकस_पुणे
आणि हेलिकॉप्टर असताना ही विमानं कशाला, असं बघायला आलेला प्रत्येकजण विचारणार. २०१३ साली जपानच्या यूएस-२ ने किनाऱ्यापासून सुमारे १२०० किलोमीटरवरून शिडाच्या होडीतले दोघे उचलून आणले. एवढ्या लांब जाऊन परत येणं हेलिकॉप्टरच्या आवाक्यात नाही. हे विमान तीन मीटरच्या लाटांतही उतरतं म्हणतात. आपणही ते घ्यायचं म्हणून बरीच वर्षं बोलणी केली, आलं नाही.

रेवदंडा_ते_कोथरूड
२०१७ साली गिरगाव चौपाटीवर एका कंपनीने पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची चाचणी केली, तेव्हा सगळे 'सी-प्लेन' म्हणत होते. मराठी बातम्यांतही तेच.

पेठेतला
म्हणूनच पाट्या मराठीत हव्यात.

चौकस_पुणे
छापणाऱ्याने उद्या दुपारपर्यंत मजकूर मागितलाय. तूर्त 'तरंगे-विमान', 'विमानबोट' आणि 'उभयचर विमान' असं पाठवतोय. मास्तर रुसले तर रुसोत.

द्रोणागिरी
निदान कंसात तरी द्रोणविमान घाला.

निवृत्त_नाविक
चौकस, तुमचं सीलँड कुठल्या स्केलचं आहे? चाकं आत जातात का, की नुसती चिकटवलीत?