पोट्ट्यांना जेल दाखवून भीती घालण्याबद्दल

“पोट्ट्यांना एकदा नागपूरचं वर्धा रोडवरचं सेंट्रल जेल आतून दाखवा, कैद्यांकडून दम द्या, आपोआप सरळ होतील” हा बिघडू लागलेल्या पोरांसाठी सुचवला जाणारा उपाय पटण्यासारखा वाटतो, पण तो करून झालाय आणि उलटा पडलाय. 1970च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी अशाच मुलांवर ओरडायचे. पुढे अँथनी पेट्रोसिनो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचे 9 प्रयोग एकत्र तपासले. काही मुलांना तुरुंगात नेलं होतं, काहींना नाही. नंतर जास्त गुन्हे केले ते तुरुंग पाहून आलेल्यांनीच!

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डॉन अँड्र्यूज, जेम्स बोंटा यांनी 1990 साली मांडलं ते म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता कमी, त्याला सराईतांत ढकलू नका. मेहनत घ्या ती जास्त जोखमीच्या माणसावर, आणि तीही त्याची संगत, व्यसन, विचार करायची सवय यांवर.

आमच्या मानकापूरच्या गल्लीतला एकोणीस वर्षांचा पोरगा मोबाईलचोरीत आत गेला होता. चार महिन्यांनी सुटला तेव्हा मनगटावर आतल्या कुण्या ‘भाऊ’चं नाव गोंदलेलं. त्याची आई कुणी आलं की त्याला शर्टाची बाही खाली ओढायला लावायची. मामानं गोधनीला गाड्यांच्या गॅरेजात लावून दिलं. तिसऱ्या महिन्यात मालकानं शटरची चावी त्याच्या हातात दिली, ती दाखवायला तो घरोघरी फिरला होता.