ट्रेडमिलवर खर्च झालेल्या कॅलरी: तीन आकड्यांपैकी खरा कोणता?

हिशेबी_पाऊल
गेले पाच महिने मी रोज ४० मिनिटे ट्रेडमिलवर चालतो. वेग ताशी ६ किलोमीटर, चढ ४ टक्के आणि माझे वजन ८२ किलो आहे. काल चालून झाल्यावर ट्रेडमिलच्या पडद्यावर ३४० कॅलरी दिसल्या, मनगटावरच्या घड्याळाने २५५ सांगितल्या आणि फोनमधल्या अ‍ॅपने २२०. तिन्ही ठिकाणी वजन बरोबर भरलेले आहे. वहीत यांपैकी कोणता आकडा लिहावा? दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. मला नवीन काहीही विकत घ्यायचे नाही, आणि ‘आकड्यांच्या मागे लागू नका’ हा सल्ला मला घरी रोज मिळतो.

जुना_धावपटू
विकत काही घ्यायचे नाही हे वाचले, तरीही सांगतो की छातीला बांधायचा हृदयगतीचा पट्टा घ्या. मी सहा वर्षे वापरतो आहे आणि एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. मनगटावरची घड्याळे घाम आला की काहीही दाखवतात.

मंदगती
माझा अनुभव नेमका उलटा आहे. माझा छातीचा पट्टा दोन महिन्यांत सैल पडला आणि धावताना घसरून पोटावर येऊ लागला. त्यानंतर मी चांगले घड्याळ घेतले. ते अतिशय अचूक आहे, कारण त्यातला आकडा मला नेहमी पटतो.

गुणोत्तर
आकडा पटणे आणि तो अचूक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणे तपासली. त्यांतल्या सहांनी हृदयगती ५ टक्क्यांच्या आतल्या फरकाने मोजली, परंतु ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्यामुळे छातीचा पट्टा घेऊन ठोके अधिक नेमके मिळतील, पण ठोक्यांवरून कॅलरी काढण्याची पायरी तितकीच कच्ची राहील. उकाडा, चहा-कॉफी किंवा अपुरी झोप यांमुळेही ठोके वाढतात, आणि त्या वाढीच्या प्रमाणात कॅलरी काही खर्च होत नाहीत.

धागाकर्त्यांच्या प्रश्नासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचे चालण्याचे सूत्र पुरेसे आहे. वेग मीटर प्रति मिनिट घ्यावा. तो इथे १०० आहे. त्याला ०.१ ने गुणल्यावर १० येतात. चढासाठी १.८ × १०० × ०.०४ म्हणजे ७.२, आणि विश्रांतीचे ३.५. बेरीज २०.७ होते, शरीराच्या दर किलोमागे दर मिनिटाला इतके मिलिलिटर प्राणवायू लागतो. ८२ किलोंसाठी हे सुमारे १.७ लिटर होतात, आणि एका लिटरमागे ५ कॅलरी धरल्या तर मिनिटाला साधारण ८.५ आणि ४० मिनिटांत ३४० पडतात. तुमचे यंत्र बहुधा हेच सूत्र वापरते.

आता चढ शून्य धरून हाच हिशेब करा. उत्तर २२१ येते. अ‍ॅपला चढ दिसतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शंकेखोर
यात एक राहिले. स्वस्थ बसूनही ४० मिनिटांत यांच्या ५७ कॅलरी गेल्याच असत्या. त्या वजा केल्या तर चालण्यामुळे झालेला जादा खर्च सुमारे २८३ उरतो. खाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हाच आकडा धरायला हवा, अन्यथा विश्रांतीच्या कॅलरी दोनदा मोजल्या जातात.

जुना_धावपटू
एवढे गणित करण्यापेक्षा धावा. दर किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी, हिशेब संपला. चाला वा धावा, अंतर तेच तर खर्च तोच.

गुणोत्तर
पहिले विधान धावण्यापुरते बरोबर आहे, दुसरे चूक आहे. सपाटीवर या वेगाने चालण्याचा जादा खर्च दर किलोमीटरला धावण्याच्या जवळपास निम्माच असतो, कारण धावताना प्रत्येक पावलाला शरीर हवेत उचलावे लागते.

मंदगती
ट्रेडमिलवर १ टक्का चढ म्हणजे बाहेरचा सपाट रस्ता असे मी ऐकले आहे. मग यांच्या चढातून १ टक्का वजा करायला नको का?

शंकेखोर
नको. तो नियम १९९६ च्या एका अभ्यासातून आला आणि तो धावणाऱ्यांविषयी होता. ताशी ६ किलोमीटरला हवेचा विरोध नगण्य असतो. शिवाय इथे कोणी बाहेरच्या रस्त्याशी तुलना करतच नाही आहे.

वंगणवाला
तुम्ही सगळे पडद्यावरचा ६ खरा धरून चालला आहात. माझ्या यंत्राच्या पट्ट्याला मी काठाशी खडूची रेघ मारली, स्वतः चालत राहिलो आणि मुलीला फेऱ्या मोजायला बसवले. पट्ट्याची पूर्ण लांबी २.८ मीटर आणि मिनिटात फेऱ्या ३३, म्हणजे ९२.४ मीटर. पडदा ६ म्हणत होता आणि पट्टा प्रत्यक्षात साडेपाचने फिरत होता. रिकामा पट्टा मोजू नये, कारण अंगाचा भार पडल्यावरच तो मंदावतो. पट्ट्याखाली वंगण घातल्यावर फरक बराच कमी झाला. चढाचेही तसेच आहे. काही यंत्रांवर ४ म्हणजे चौथी पायरी असते, ४ टक्के नव्हे. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) धरून पाहा. १०० सेंटिमीटरला पुढची बाजू ४ सेंटिमीटर उंच असायला हवी.

नवा_सभासद
मी वरचे सगळे वाचलेले नाही, पण छातीचा पट्टा घ्या.

गुणोत्तर
एक विचारायचे राहिले. चालताना तुम्ही समोरची दांडी धरता का?

हिशेबी_पाऊल
धरतो, पण अगदी हलकी. आज मुद्दाम लक्ष दिले, तेव्हा दोन्ही तळव्यांवर दांडीच्या खोबणीचे वळ उमटलेले दिसले.

गुणोत्तर
मग ती हलकी नाही. चढावर दांडी धरून मागे रेलले की शरीर पट्ट्याशी काटकोनात येते, चढाचे काम बरेचसे नाहीसे होते आणि काही भार हातांवर जातो. ३४० हा आकडा हात मोकळे ठेवून चालणाऱ्याचा आहे. घड्याळाचे २५५ कमी आले यात मला तरी नवल वाटत नाही. हात सोडा, दम लागला तर चढ २ वर आणा, आणि नव्याने हिशेब करा.

हिशेबी_पाऊल
सर्वांचे मनापासून आभार. खडूची रेघ मी उद्याच मारणार आहे. परंतु वहीत ३४० च लिहीत राहणार. पाच महिन्यांची सगळी पाने यंत्राच्या आकड्यांनी भरली आहेत. आता मोजमाप बदलले तर मागच्या महिन्याशी तुलना करता येणार नाही, आणि माझा सगळा आनंद त्या तुलनेतच आहे.

शंकेखोर
म्हणजे चुकीचा आकडा, पण रोज तोच. ठीक आहे. निदान दांडी तरी सोडा.

हिशेबी_पाऊल
तीच तर अडचण आहे. कॅलरींचा रकाना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फार बारीक अक्षरांत येतो, आणि दांडी धरून वाकल्याशिवाय तो मला वाचता येत नाही.