घरच्या घरी लिंबाचे कॉकटेल : तुमचे अनुभव सांगा

कोपरीकर
काल जांभळी नाक्याच्या मंडईत लिंबे घेताना विक्रेत्याने एका लिंबाची साल नखाने खरवडून वास घ्यायला पुढे केली आणि माझ्या मामांची तीव्रतेने आठवण झाली. ते व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि निवृत्तीनंतर कोपरीत राहत. मे महिन्यातल्या रविवारी घरी कोणी स्नेही आले की ते टॉम कॉलिन्स नावाचे कॉकटेल करत. ६० मिली जिन, ३० मिली लिंबाचा रस, १५ मिली साखरेचा पाक, उंच पेल्यात बर्फ आणि वरून गार सोडा, हे त्याचे रूढ प्रमाण. मात्र हे प्रमाण जाड सालीच्या पिवळ्या विलायती लिंबाचे आहे आणि आपले कागदी लिंबू त्याहून तिखट आंबट लागते, असे सांगून मामा रस २० मिलीच्या आसपास ठेवत. सोडा ओतल्यावर लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलायचा, घुसळायचे नाही, कारण घुसळले की सोड्यातला वायू निघून जातो, यावर त्यांचा कटाक्ष असे. आम्हा मुलांना तेच पेय, त्याच पेल्यात, जिन वगळून मिळे आणि आम्हाला त्याचा फार अभिमान वाटे.

आपण घरी लिंबाचे कॉकटेल कसे करता, ते कुणाकडून शिकलात, हे सविस्तर लिहावे.

पारसिक_डोंगर
मामांचे निरीक्षण अगदी योग्य आहे, परंतु मी त्याच्या पुढे जाऊन असे म्हणेन की कागदी लिंबाला साजेसे पेयच आपण निवडावे. क्युबातील डाकिरी किंवा ब्राझीलमधील कायपिरिन्या ही पेये मुळातच हिरव्या, पातळ सालीच्या, आपल्या लिंबाच्या जवळच्या फळावर उभी राहिलेली आहेत. ६० मिली पांढरी रम, २५ मिली रस आणि २० मिली पाक एवढ्यावर डाकिरी होते, त्यात सोडाही लागत नाही. बेलापूरला आमच्या घरी कॉकटेलचा शेकर नाही, फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आहे. त्यात बर्फ अर्ध्याहून अधिक भरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचे. डब्याच्या बाहेरून आधी दव धरते, मग ते पांढरट होते आणि बोटांना डबा धरवेनासा होतो, तेव्हा थांबावे आणि चहाच्या गाळणीतून पेल्यात गाळावे. बर्फाचे जे पाणी त्यात उतरते ते पेयाचा भागच असते, त्याशिवाय आंबट, गोड आणि मद्य ही तिन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

नेरुळची_सुनंदा
कोपरीकर दादा, तुमच्या मामांविषयी वाचून फार बरे वाटले. या दिवसांत लिंबे इतकी महाग असतात की माझा हात रस पिळताना आपोआप आखडता होतो. हस्त बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस धरलेल्या फुलोऱ्याची, फळे उन्हाळ्यात येतात, ती थोडी आणि मागणी मात्र सगळीकडून, त्यामुळे भाव चढतो, असे वाशीच्या घाऊक बाजारात काम करणारे माझे दीर नेहमी सांगतात. नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याची लिंबे आली आहेत का, हा त्यांचा मे महिन्यातला पहिला प्रश्न असतो.

पारसिक_डोंगर
सुनंदाताई, म्हणूनच साल टाकू नये. लिंबाचा वास रसात कमी आणि सालीतल्या तेलात अधिक असतो. आठ-दहा लिंबांची फक्त हिरवी-पिवळी साल सोलाण्याने अलगद काढावी, तिच्याखालचा पांढरा पापुद्रा येऊ देऊ नये, कारण कडवटपणा तिथे असतो. ही साल १०० ग्रॅम साखरेत बोटांनी चुरडून झाकून रात्रभर ठेवली की साखर ते तेल ओढून घेते आणि सकाळी भांड्याच्या तळाशी ओलसर, सुगंधी साखर मिळते. तिच्यात त्याच लिंबांचा रस घालून विरघळवले आणि गाळून घेतले की वेगळा पाक करावा लागत नाही. कागदी लिंबाची साल पातळ असल्याने हे काम धीराने करावे लागते, पण ज्याने एकदा हा पाक जिनमध्ये घातला तो बाजारच्या बाटलीतल्या लिंबू-अर्काकडे परत वळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

दोडामार्ग_ते_घोडबंदर
आमच्याकडे गोव्याच्या सीमेवर लिंबाचे पेय म्हणजे उर्राक. काजूच्या बोंडांच्या रसाचे हे पहिले ऊर्ध्वपातन, फेणीपेक्षा सौम्य, आणि साधारण मार्च ते मे एवढ्याच काळात ताजे मिळते. पेल्यात बर्फ, उर्राक, अर्धे लिंबू पिळून तेच आत टाकलेले, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि वर लिंबाचा गोड सोडा. मिरचीचे बी आत सांडू द्यायचे नाही, नुसता वास उतरला पाहिजे. मीठ विसरू नये, कारण त्याने कडवटपणा मागे सरतो आणि लिंबाची चव पुढे येते. आजोबा म्हणत की पेला हातात घेतल्यावर आधी मिरचीचा वास आला पाहिजे, मग लिंबाचा आणि सर्वांत शेवटी काजूचा.

ऐरोली_सेक्टर
आमच्या घरी कोणीही मद्य घेत नाही, तरी हा धागा मी मनापासून वाचते आहे. सासूबाई गवती चहाच्या पाती साखरेच्या पाकात उकळून ठेवतात. त्या पाकात लिंबाचा रस, भिजवलेला सब्जा, थोडे सैंधव आणि सोडा घातला की पाहुण्यांपैकी मद्य न घेणाऱ्यालाही आपल्यासाठी काही खास केले आहे असे वाटते. त्यांचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो : रस आयत्या वेळी पिळावा. पिळून ठेवलेला रस काही तासांत कडवट होऊ लागतो, आणि पिळणीत लिंबू पार चोथा होईपर्यंत दाबले तर तो आणखीच कडवट लागतो.

खाडीकाठ
जहाजाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी शल्यचिकित्सकाने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या खलाशांना निरनिराळे उपचार देऊन पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. तरीही आरमारात लिंबाचा रस सर्रास देण्याचा निर्णय व्हायला १७९५ साल उजाडले. जिन आणि गोड केलेल्या लिंबाच्या रसाचे गिमलेट हे पेयही आरमाराच्या याच परंपरेशी जोडले जाते. कोपरीकर, तुमच्या मामांचा लिंबावरचा भर जहाजावरूनच आला असेल का?

कोपरीकर
शक्य आहे. त्यांच्या केबिनमध्ये लिंबाच्या लोणच्याची बरणी कायम असे, एवढे मामी सांगतात. सालीच्या साखरेचा प्रयोग मी या रविवारी करणार आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एक सूचना : महाराष्ट्रात जिन-रमसारख्या मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे आणि परवानाही लागतो, तेव्हा तो आधी काढून घ्यावा. एकदिवसीय, वार्षिक आणि आजीवन असे प्रकार त्यात आहेत.

नेरुळची_सुनंदा
पारसिक दादा, आयत्या वेळी घाई नको म्हणून साखरेचा साधा पाक आधी करून ठेवला तर किती दिवस टिकेल? माझा धाकटा भाऊ शनिवारी येतो आहे आणि मोजायचे काम त्याच्याकडेच आहे.

पारसिक_डोंगर
साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करावे, तार येऊ देऊ नये. कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर तीनेक आठवडे सहज टिकतो, गढूळ दिसला तर मात्र टाकून द्यावा. सोड्याची बाटली शुक्रवारी रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, कारण गार सोड्यात वायू जास्त टिकतो.