‘शिप्पो’ला मिनाकाम म्हणावे का?

विचारणा: मेइजी काळातील (1868–1912) जपानी कारागिरीवरचा एक लेख मी मराठीत आणत आहे. तांब्याच्या भांड्यावर बारीक तारांची घरे आखून, त्यांत काचेची रंगीत पूड भरून भट्टीत भाजण्याच्या कामाला जपानीत ‘शिप्पो’ म्हणतात. मी ‘मिनाकाम’ लिहिले होते; संपादकांनी ते खोडून ‘तारकाम’ केले. यांतला कोणता शब्द योग्य?

प्रतिसाद 1: माझ्या आजीच्या पाटल्यांवर मिना होता आणि आमचे सोनार ‘मिना भरणे’ असेच म्हणत, पण तो सोन्यात खोदलेल्या खळग्यांत भरलेला असे, तारांचा तिथे संबंध नव्हता. ‘शिप्पो’चा शब्दशः अर्थ ‘सात रत्ने’, म्हणजे बौद्ध ग्रंथांतली सप्तरत्नेच. शब्द मुळात आपल्याकडून तिकडे गेलेला असताना ‘सप्तरत्नकाम’ का नको?

प्रतिसाद 2: ‘सप्तरत्नकाम’ वाचून वाचकाला जडावाचे दागिने आठवतील. ‘तारकाम’ तर मला चूकच वाटते. क्योतोचे नामिकावा यासुयुकी यांच्या कामात तारा हीच शोभा आहे हे खरे. परंतु तोक्योचे नामिकावा सोसुके (आडनाव एक, नाते नाही) भाजण्यापूर्वी तारा काढून घेत, म्हणून त्यांची तबके कुंचल्याने रंगवल्यासारखी दिसतात. 1896 मध्ये हे दोघेही राजदरबाराचे मानकरी कलावंत झाले. एकाच्या कामाला लागणारा आणि दुसऱ्याच्या कामाला न लागणारा शब्द काय उपयोगाचा?

विचारणा: आपण ‘कलावंत’ म्हणालात, आणि माझी दुसरी अडचण नेमकी तीच आहे. 1876 मध्ये तलवार बाळगण्यास बंदी आली, तेव्हा तलवारींच्या मुठी आणि मुठीपुढच्या, हात वाचवणाऱ्या चकत्या मढवणारे धातुकारागीर पाश्चात्त्य ग्राहकांसाठी फुलदाण्या व धूपपात्रे घडवू लागले. त्यांना कारागीर म्हणावे की कलावंत?

प्रतिसाद 3: हा भेद जपानीतही जुना नाही. ललित कलेसाठीचा ‘बिजुत्सु’ हा शब्दच 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या निमित्ताने, जर्मन संज्ञेसाठी घडवला गेला. चौसष्ट कलांत गायनापासून सुतारकामापर्यंत सारे एकत्र मोजणाऱ्या आपल्या परंपरेने ती फाळणी का पत्करावी? ‘कलाकुसर’ लिहा.

प्रतिसाद 2: ‘कलाकुसर’ला माझा ठाम विरोध आहे. त्या शब्दाने फावल्या वेळातला छंद सुचतो. प्रदर्शनांतून राष्ट्राची पत आणि परकीय चलन मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे घासलेल्या कामाला तो हलका पडतो.

प्रतिसाद 1: शब्द हलका पडला तो आपल्या वापराने, ‘कुसर’मध्ये मुळात कौशल्यच आहे.