बाखचं ‘देअर गाइस्ट हिल्फ्ट’: आठ गळे पुरेत की चोवीस हवेत?

खर्जप्रेमी: ऑक्टोबर १७२९ मध्ये लाइप्झिगच्या टोमासशूले या शाळेचे रेक्टर एर्नेस्टी यांच्या अंत्यविधीसाठी बाख या जर्मन संगीतकारानं हे मोटेट, म्हणजे धार्मिक वृंदगीत, रचलं (त्याच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही २२६). दोन गायकवृंद, आठ आवाज, म्हणजे आठ वेगळ्या सुरावटी. माझ्या मते प्रत्येक आवाजाला एकच गायक हवा आणि सोबत वाद्यं हवीतच. वादकांसाठी लिहिलेल्या सुरावटींच्या मूळ प्रती शिल्लक आहेत, तेव्हा तिथे वादाला जागा नाही: पहिल्या वृंदाबरोबर दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो, दुसऱ्याबरोबर दोन ओबो, टेनर ओबो, बसून, खाली व्हायोलोन (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि ऑर्गन. चोवीस जण उभे केले की तंतुवाद्य आणि फुंकवाद्य यांतला फरकच बुडतो, आणि ३/८ तालातल्या, ‘गाइस्ट’ (आत्मा) या शब्दावरच्या ताना गिचमिड होतात.

तिसरा_टेनर: साफ असहमत. बाखनं २३ ऑगस्ट १७३० रोजी नगरपरिषदेला दिलेलं निवेदन बघा. प्रत्येक वृंदात किमान १२ गायक, म्हणजे आवाजाला तीन. चार मिळाले तर उत्तम. त्याला स्वतःलाच जास्त माणसं हवी होती!

खर्जप्रेमी: त्याच निवेदनात पुढे कारणही दिलंय: कोणी आजारी पडला तरी निदान दोन वृंदांचं मोटेट गाता यावं. तिघांतला एकेक वजा करा, बारांतले उरले आठ. आठ आवाजांना आठ.

तिसरा_टेनर: अहो, ती अडचणीतली सोय झाली. शिवाय तो उल्लेख नेहमीच्या उपासनेतल्या मोटेट्सना लागू पडतो. ती ‘फ्लोरिलेजियम पोर्टेन्से’ या शतकभर जुन्या संग्रहातली, गायला कितीतरी सोपी. इथे लांब तानेत एकटा गायक श्वास घेणार कुठे? आवाजाला तिघे असले की आळीपाळीनं श्वास चोरता येतो.

मधली_पट्टी: संख्येवर भांडताय, पण प्रयोग बिघडतो तो मांडणीत. दोन वृंद दहा मीटर लांब ठेवले तर आवाज पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, आणि सुरुवातीची देवाणघेवाण ओढल्यासारखी वाटते. दोन-तीन मीटर पुरे, ऑर्गन आणि व्हायोलोन मधोमध. वादकांच्या प्रतींत शब्द लिहून द्या आणि गजाची दिशा शब्दाच्या आघातावरून ठरवा. साथ संवादिनीसारखी गळ्यामागून जायला हवी. ‘झॉयफ्त्सेन’, म्हणजे उसासे, या जागी विराम तोडून गायचे असतात. तिथे गज लांबला की उसासा संपलाच. पुढे ‘देअर आबर’ या शब्दांपासून दोन्ही वृंद चार आवाजांत एक होतात, तिथे मात्र आवाजाला दोघे आपसूकच मिळतात.

तिसरा_टेनर: आणि शेवटचा कोराल, म्हणजे साधं चर्चगीत? वाद्यांच्या प्रतींत तो नाहीच. आठ जणांनी फ्यूग (एकच सुरावट आवाजांनी एकामागून एक उचलायचा भाग) गाऊन दमल्यावर साथीशिवाय तो धरायचा, म्हणजे सूर उतरणारच.

खर्जप्रेमी: तो थडग्यापाशी वेगळा गायला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. मैफलीत ऑर्गन चालू ठेवा, कोण अडवतंय? पण त्यासाठी सोळा जण जास्तीचे कशाला बोलवायचे?